जुन्या गाडीचा एसी हल्ली नीट गार करत नाही. गॅस भरून घेऊ की कॉम्प्रेसरच बदलू?

तुम्ही लिहिलंय की गाडी २००८ची आहे, सकाळी एसी व्यवस्थित चालतो, दुपारी तासभर गाडी चालली की नुसता वारा येतो, आणि गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता "गॅस कमी झालाय" म्हणून सांगून टाकलं. ते "बॉनेटही न उघडता" वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहितेय.

गाडीच्या एसीतला गॅस खर्च होत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो. कॉम्प्रेसर दाबतो, कंडेन्सरमध्ये उष्णता टाकून त्याचा द्रव होतो, एक्सपान्शन व्हॉल्व्हमधून कूलिंग कॉइलमध्ये शिरताना दाब एकदम पडतो आणि तिथे उकळता उकळता तो केबिनमधली उष्णता ओढून घेतो. मग परत कॉम्प्रेसरकडे. यात संपण्यासारखं काही नाही. रबरी होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो, ते मान्य. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर ते लीकेज आहे, आणि लीकेज न शोधता गॅस भरणारा माणूस तुम्हाला पुढच्या उन्हाळ्यासाठी गिऱ्हाईक म्हणून राखून ठेवतोय.

माझं या विषयावर घरात जुनं भांडण आहे. मी बरीच वर्षं शीतगृहांची यंत्रणा सांभाळण्याचं काम केलं. अमोनियावर चालणारे, खोलीएवढे कॉम्प्रेसर. तिथे लीकेज असेल तर नाकच सांगतं, गेज बघायचीही गरज पडत नाही. गाडीतल्या गॅसला वास जवळजवळ नसतोच, म्हणून तिथे डोकं वापरावं लागतं. पण घरात गाड्यांचे जाणकार कोण, तर आमचे भाऊजी, ताईचे यजमान. त्यांच्या मते एसीचा एकच आजार, गॅस कमी. पेट्रोल भरतो तसा गॅसही भरायचा असतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

तर झालं असं की माझ्या जुन्या गाडीतून आम्ही सगळे लांबच्या प्रवासाला निघालो होतो. सुरुवातीला एसी इतका छान की ताईने मागून व्हेंट बंद करायला सांगितला. मग हळूहळू हवा कोमट व्हायला लागली. ब्लोअरचा जोर तेवढाच, बटणावरचा दिवा चालू, पण थंडावा गेला. भाऊजी पुढच्या सीटवर. "गॅस गेला. मी म्हणत होतो ना तुला, निघायच्या आधी भरून घे." वाटेत थांबलो, जेवलो, निवांत निघालो, तर एसी पुन्हा गारेगार. यावर भाऊजींचं उत्तर: "विश्रांती मिळाली ना, गॅस सेट झाला."

आता मला सांगा, गॅस नळीतून बाहेर गेला असेल तर आम्ही जेवत असताना तो परत आत कोणी भरला? गेलेला गॅस परत येत नाही. तापल्यावर बंद पडतंय आणि निवल्यावर आपोआप सुरू होतंय, तर दुखणं तापणाऱ्या भागात शोधायचं. हे मी तेव्हाच म्हटलं. "अगं, शीतगृह वेगळं, गाडी वेगळी," म्हणाले.

घरी आल्यावर मी माझी दाब मोजायची गेजची जोडी काढली. आधी इंजिन थंड, सगळं बंद. दोन्ही काटे शंभराच्या जरा खाली. बाहेर ३० अंश असताना आर-१३४ए चा, म्हणजे माझ्या गाडीच्या एसीतल्या गॅसचा, बसता दाब (यंत्रणा बंद असतानाचा) ९५ ते १०० पीएसआयच असतो; पीएसआय हे दाबाचं माप. भाऊजींनी लगेच विचारलं, हा आकडा कमी ना? कमीही नाही आणि जास्तही नाही. यंत्रणेत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी त्या तापमानाला काटा तिथेच थांबतो, निम्मा गॅस असो वा पूर्ण. बंद इंजिनावर गेज लावून "गॅस कमी" किंवा "गॅस भरपूर" सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. काटा शून्याजवळ असेल तर मात्र गॅस गेलेला आहे, त्यात वाद नाही.

मग इंजिन सुरू केलं, एसी फुल. लो साइडला, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसच्या बाजूला, तीसच्या आसपास; हाय साइडला, म्हणजे कॉम्प्रेसरमधून दाबून निघणाऱ्या बाजूला, सव्वादोनशे. उत्तम. ३० पीएसआयला हा गॅस एक-दोन अंशांवर उकळतो, म्हणजे कूलिंग कॉइल बर्फाच्या उंबरठ्यावर, जशी हवी तशी. गाडी तशीच चालू ठेवून आम्ही उभे राहिलो. बराच वेळ काही नाही. मग लोचा काटा वर आणि हायचा खाली यायला लागला, दोघं एकमेकांच्या दिशेने. गॅस कमी असता तर दोन्ही काटे पहिल्यापासूनच खाली दिसले असते. भाऊजींनी लोचा काटा वर गेलेला बघितला आणि म्हणाले, "बघ, गॅस जास्त झालाय, थोडा सोडून दे." दहा मिनिटांपूर्वी तो कमी होता!

काटे असे जवळ येतात याचा अर्थ साधा आहे. दाबणाराच थांबलाय. मी वाकून कॉम्प्रेसरच्या तोंडाकडे टॉर्च मारला. पट्ट्यावरची पुली गरगर फिरत होती आणि तिच्यापुढची क्लच प्लेट, म्हणजे चुंबकाने पुलीला चिकटून कॉम्प्रेसर फिरवणारी चकती, स्वस्थ उभी. क्लचच्या चुंबकाच्या कॉइलच्या (कूलिंग कॉइल वेगळी) कनेक्टरवर मीटर लावला तर करंट पोचत होता. फ्यूज चांगला, रिले चांगला, प्रेशर स्विच चांगला. फक्त चुंबकाला प्लेट ओढून घेता येत नव्हती. मी झाडूचा लाकडी दांडा घेतला आणि प्लेटला समोरून हलकं ढकललं. टक्क! प्लेट चिकटली, काटे परत आपापल्या जागी गेले, आणि आत बसलेल्या ताईने ओरडून सांगितलं की गार हवा आली.

कारण असं: प्लेट आणि पुली यांच्यात बारीक फट असते. माझ्या गाडीच्या पुस्तकात ती ०.३ ते ०.६ मिलिमीटर दिली होती. वर्षानुवर्षं घासून ती वाढते. कॉइल गार असताना चुंबकात जोर असतो, तो वाढलेल्या फटीवरूनही प्लेट ओढतो. इंजिनाच्या उष्णतेने कॉइल सत्तर अंशांनी तापली की तांब्याचा रोध पाव हिश्शाहून जास्त वाढतो, करंट पाचव्या हिश्श्याने उतरतो आणि चुंबक हरतो. इंजिन बंद करून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घातलं तर ०.९ ची पाती आरामात आत गेली. मधला बोल्ट काढला, प्लेट बाहेर आली, मागे शाफ्टवर नखाच्या जाडीच्या दोन शिम, म्हणजे पातळ चकत्या, होत्या. एक काढून ठेवली, प्लेट परत बसवली, फट पुन्हा मापात. गॅसला हातही लावला नाही. त्यानंतर त्या गाडीने कोमट हवा दिली नाही. भाऊजींनी मात्र "तू ढकललंस म्हणून गॅस मोकळा झाला" असा निष्कर्ष काढला, तो आजतागायत कायम आहे.

तुमच्या गाडीचं लक्षण मला याच जातीचं वाटतं, पण एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही आणि सगळं तिच्यावर अडलंय. दुपारी कोमट हवा येत असताना गाडी मोकळ्या रस्त्यावर वेगात गेली की परत गार होते का? होत असेल तर क्लच सोडा, कंडेन्सरकडे बघा. पंखा फिरत नसेल, किंवा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत धूळ-पाचोळ्याची गादी बसली असेल. समोरून कंडेन्सर स्वच्छ दिसतो, घाण मागे असते. वेगातही गार होत नसेल आणि गाडी निवल्यावरच होत असेल, तर क्लच. हवेचा झोतच बारीक होत जात असेल तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय, तिथे थर्मिस्टर (कॉइलचं तापमान ओळखणारा सेन्सर) बघायचा, त्याआधी केबिन फिल्टर. आणि गॅस, कॉम्प्रेसर सगळं ठणठणीत असूनही हवा कोमट, असं असेल तर हीटरचा फ्लॅप पूर्ण बंद होत नाही. हीटरकडे जाणारा गरम पाण्याचा होज थोडा वेळ चिमट्याने दाबून बघा. हवा गार झाली तर चोर सापडला. कॉम्प्रेसर बदलायचा विषय या सगळ्यानंतर. क्लच घसरतो म्हणून अख्खा कॉम्प्रेसर बदलणारे आहेत, म्हणून सांगते.

खरंच गॅस कमी निघाला तरी वरून टॉप-अप नको. आधीचा किती शिल्लक आहे हे कोणालाच माहीत नसतं, आणि जास्त भरला तरी थंडावा कमीच होतो. असलेला गॅस मशीनने काढायचा, लीकेज शोधून बुजवायचं, निदान अर्धा तास व्हॅक्यूम करायचा, व्हॅक्यूम टिकतो का बघायचं आणि मग बॉनेटखालच्या स्टिकरवर दिलेल्या ग्रॅमांएवढा वजन करून भरायचा. लीकेज बुजवणारं औषध घातलेले डबे मिळतात, ते चुकूनही नकोत. ते एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्येही जाऊन बसतं आणि गॅस काढणाऱ्या मशीनमध्येही.

भाऊजींची गाडी दर वर्षी गॅस मागते. मी एकदा त्यांच्या सर्व्हिस पोर्टवर, म्हणजे गॅस भरायच्या तोंडावर, साबणाचं पाणी टाकलं तर सरळ बुडबुडे आले. आतला व्हॉल्व्ह कोअर गळतोय आणि वरचं टोपण कोणीतरी कधीच हरवलंय. ते टोपण धुळीसाठी असतं असं त्यांना वाटतं. त्यात रबरी रिंग असते, गॅस अडवणारी शेवटची गोष्ट तीच. कोअर आणि टोपण बदला, एवढंच म्हटलं. या वर्षीही गॅस भरून आले.

आता राहिलेल्या सूचना, ज्या खरं तर आधी सांगायला हव्या होत्या. दांड्याचं ते मी केलं, तुम्ही करू नका. चालू इंजिनाजवळ ओढणी, सैल बाही, मोकळे केस काहीही नको; दुरून टॉर्च मारून प्लेट फिरते की नाही एवढं बघितलं तरी पुरे. कुठलाही नट सैल करून गॅस सोडू नका. तो त्वचेवर किंवा डोळ्यात उडाला तर गोठवतो, आणि हवेत सोडलेला एक किलो आर-१३४ए वातावरण तापवण्यात हजाराहून जास्त किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा आहे. काही गाड्यांच्या कॉम्प्रेसरला असा क्लच नसतोच, तिथे माझी ही सगळी कथा लागू नाही. आणि फट पुस्तकात दिली असेल तीच धरायची, माझ्या गाडीची नव्हे.

पुढच्या वेळी गॅरेजमध्ये गाडी तापलेलीच न्या, सकाळी थंड नेली तर सगळं बरोबरच दिसेल. एसी कोमट झालेला असताना लो आणि हाय दोन्ही आकडे आणि प्लेट फिरत होती की नाही, एवढं खाली लिहा. मग पुढचं सांगते.