चोवीस टॅब की दर तिमाहीचे व्याज?

नागपूरच्या पाचपावलीतून एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र आले आहे. चौतीस वर्षे एका अनुदानित शाळेत गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या. वय ६४, पती हयात नाहीत, मुलगा पुण्यात नोकरीला आहे. दरमहा ३६ हजार रुपये निवृत्तिवेतन, घरखर्च आणि औषधपाणी मिळून २७ हजार, बचत खात्यात सुमारे अडीच लाख आणि येत्या १२ जूनला मुदत संपणारी ८ लाखांची बँकेतील ठेव, असा त्यांचा हिशेब आहे. इंदोऱ्याकडच्या एका विहाराच्या अभ्यासिकेत त्या रोज संध्याकाळी आठवी ते दहावीच्या चोवीस मुलामुलींना विनामूल्य शिकवतात. या मुलांना घरी अभ्यासासाठी इंटरनेट मिळत नाही, म्हणून ठेवीतून ३ लाख काढून प्रत्येकाला एक टॅब आणि सिम घेऊन द्यावे, असे त्यांनी जवळजवळ ठरवले आहे. मुलाचे म्हणणे असे की, मुळात हे काम सरकारचे आहे, आणि द्यायचेच असेल तर संस्थेमार्फत द्यावे, म्हणजे निदान कर तरी वाचेल. काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

आदरणीय बाई,

सादर नमस्कार. आपण पैसे देण्याला माझी हरकत नाही. मुद्दल देण्याला आहे. मुलांची गरज दर महिन्याला उगवणारी आहे आणि आपण ती एकदाच होणाऱ्या खर्चाने भागवू पाहत आहात, ही या बेतातील मूळ अडचण आहे.

आपल्याच आकड्यांवरून पाहू. साडेअकरा हजारांचा एक याप्रमाणे चोवीस टॅबचे २,७६,००० रुपये होतात. कव्हर, सिम आणि किरकोळ खर्च धरून आपण ३ लाख म्हटले आहे, ते बरोबर आहे. मात्र पुढच्या रिचार्जचा उल्लेख पत्रात कुठेच नाही. जुलै २०२४ मधील दरवाढीनंतर रोज दीड जीबी देणारा २८ दिवसांचा रिचार्ज ३०० रुपयांच्या घरात गेला आहे, आणि महिना २८ दिवसांचा धरला की वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज लागतात. २९९ रुपयांचा दर धरल्यास एका मुलामागे वर्षाला ३,८८७ आणि चोवीस मुलांचे ९३,२८८ रुपये होतात. निवृत्तिवेतनातून आपल्याकडे वर्षाकाठी १,०८,००० रुपये शिल्लक राहतात, म्हणजे हा भार उचलल्यावर आपल्या हाती वर्षभरात पंधरा हजारही उरणार नाहीत. तो आपण उचलला नाही, तर ज्या घरात महिनाअखेरीस किराणा उधारीवर येतो त्या घराने तो उचलावा, असे गृहीत धरावे लागेल. तसे होत नाही, हे मी जवळून पाहिले आहे.

२०२१ साली आमच्या सोसायटीतील काही जणांनी वर्गणी काढून बारा टॅब वाटले होते. हिशेब माझ्याकडे होता, तेव्हा चूकही माझीच म्हणावी लागेल. दोन दिवाळ्यांनंतर मी त्या घरांत जाऊन आलो, तेव्हा चार टॅब चालू होते, तिघांच्या काचा फुटल्या होत्या आणि दोन गहाण पडले होते. एकाची बॅटरी इतकी फुगली होती की, मागचे झाकण उचलले गेल्यामुळे त्याला सायकलच्या ट्यूबचा पट्टा आवळून ठेवला होता. मला सर्वांत जास्त लागले ते मात्र वेगळेच. एका आईने टॅब स्वच्छ पंच्यात गुंडाळून कपाटात साड्यांखाली जपून ठेवला होता, कारण पहिले रिचार्ज संपल्यानंतर दुसरे झालेच नव्हते आणि इतकी महागाची वस्तू उगाच बाहेर ठेवून खराब होऊ नये, असे तिला वाटत होते.

आता आपल्या गुडघ्याविषयी, ज्याला आपण पत्रात एकच ओळ दिली आहे. डॉक्टरांनी वर्ष-दोन वर्षांत शस्त्रक्रिया सुचवली आहे आणि आरोग्य विमा आपण गेल्या वर्षीच घेतला आहे. सांधेरोपणासाठी बहुतेक पॉलिसींमध्ये दोन ते तीन वर्षांचा प्रतीक्षा कालावधी असतो, त्यामुळे शस्त्रक्रिया लवकर करावी लागली तर तिचा खर्च आपल्याच खिशातून जाण्याची शक्यता मोठी आहे. पॉलिसीच्या कागदातील ते पान आधी काढून वाचावे. त्या दिवशी पुण्याहून मुलाने पैसे पाठवावेत आणि मनात मात्र "मी सांगितलेच होते" असे म्हणावे, हे आपल्यालाही रुचणार नाही.

म्हणून ८ लाखांचे दोन भाग करावेत. ३ लाख गुडघ्यासाठी बँकेतच, लाख-लाखाच्या तीन ठेवींत, वेगवेगळ्या मुदतींनी ठेवावेत, म्हणजे गरज पडल्यास एकच मोडावी लागेल. उरलेले ५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गुंतवावेत. तिचा दर एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के आहे. सरकार दर तिमाहीला दर ठरवत असले, तरी खाते उघडताना जो दर असेल तोच पाच वर्षे मिळतो. ५ लाखांवर दर तिमाहीला १०,२५० म्हणजे वर्षाला ४१,००० रुपये व्याज होते. हे ४१ हजार मुलांचे समजावे, आणि त्याच्या पलीकडे, कितीही गहिवरून आले तरी, जाऊ नये. पाच वर्षांत ही रक्कम २,०५,००० होते. आपण द्यायला निघालेल्या ३ लाखांपेक्षा ती कमी दिसते खरी, पण मुद्दल जागेवर राहते आणि पाच वर्षांनंतर हेच पुढे चालू ठेवायचे की थांबवायचे, हे आपल्या हातात राहते. अडचण आली तर एका वर्षानंतर दीड टक्का आणि दोन वर्षांनंतर एक टक्का कापून खाते बंद करता येते.

कराच्या मुद्द्यावर चिरंजीवांना एवढेच सांगावे की, वाचवायला आपल्याकडे करच नाही. निवृत्तिवेतनाचे ४ लाख ३२ हजार आणि सगळे व्याज एकत्र केले, तरी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नाही, आणि देणगीवरची (जुन्या कायद्यातील कलम ८०जी ची) वजावट त्या प्रणालीत मिळतही नाही. जुन्या प्रणालीतही ती केवळ नोंदणीकृत संस्थांना दिलेल्या देणगीवरच मिळते. मुलाच्या हाती दिलेल्या मदतीवर नाही. तेव्हा करासाठी संस्था शोधणे किंवा न्यास स्थापन करणे म्हणजे नसलेल्या दुखण्यावर औषध घेणे होय. सरकारच्या जबाबदारीविषयी मात्र ते चुकत नाहीत. वसतिगृहातील एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्येच इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला आहे. हक्क मान्य होऊन सहा वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि आपल्या अभ्यासिकेतली दहावीची मुलगी मार्चमध्ये परीक्षेला बसणार आहे.

आता ४१ हजारांचे काय करावे. आपण पत्रासोबत घरांची यादी जोडली, याचा मला फार उपयोग झाला. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील शहरी कुटुंबांपैकी ४२ टक्क्यांकडे इंटरनेट आणि २३ टक्क्यांकडे संगणक होता. त्यानंतर स्वस्त फोन घरोघरी पोहोचले. आपल्या यादीतही चोवीसपैकी एकवीस घरांत स्मार्टफोन आहे. मात्र सतरा घरांत तो एकच आहे, आणि तो वडिलांच्या किंवा आईच्या खिशात सकाळीच कामावर जातो. आपण लिहिले आहे त्याप्रमाणे, ऑटो चालवणारे वडील रात्री नऊला घरी येतात, तोवर त्या दिवसाचा डेटा संपत आलेला असतो, आणि उरलेल्यावर धाकट्याचे कार्टून चालते. अशा घरात फोन तासाभरासाठी का होईना, रात्री मिळतो. डेटा मिळत नाही. हा फरक मोलाचा आहे, कारण त्यामुळे उपाय स्वस्त होतो.

अभ्यासिकेतच एक ब्रॉडबँड जोडणी घ्यावी. ४९९ रुपयांच्या मासिक प्लॅनवर १८ टक्के जीएसटी धरला, तर महिन्याला ५८९ आणि वर्षाला ७,०६६ रुपये होतात, म्हणजे दोन मुलांच्या वर्षभराच्या रिचार्जपेक्षाही कमी. साध्या दर्जाच्या तासाभराच्या व्हिडिओला सुमारे अर्धा जीबी लागतो. चोवीस मुलांनी रोज दोन तास पाहिले, तरी महिन्याला ७२० जीबीच्या आसपास जातील, आणि बहुतेक प्लॅनची मर्यादा त्याहून कितीतरी मोठी असते. दुसरे म्हणजे, सरकारच्या दीक्षा ॲपवरील पाठ उतरवून घेऊन नंतर इंटरनेटशिवाय पाहता येतात, आणि बालभारतीच्या पुस्तकांची पीडीएफही तशीच ठेवता येते. रविवारी आई किंवा वडील फोन घेऊन अभ्यासिकेत आले, तर आठवडाभराचे पाठ पंधरा मिनिटांत उतरतील आणि रात्री नऊनंतर घरी, डेटा नसतानाही, चालतील. मुलांनी घरी शिकावे ही आपली इच्छा यातून बऱ्याच अंशी पुरी होते. जोडणी आपल्या नव्हे, विहाराच्या पंचकमिटीच्या नावाने घ्यावी आणि तसा ठराव कागदावर करून घ्यावा. विजेचे बिल कमिटीने भरावे, इंटरनेटचे आपण. राउटरसाठी छोटा बॅकअप घ्यायला विसरू नये. मे महिन्यातली आपली संध्याकाळ आणि जाणारी वीज यांविषयी नागपूरकराला मी काय सांगणार.

ही व्यवस्था आठ मुलींना मात्र पुरत नाही. घरी धाकट्यांना सांभाळायचे असते आणि अंधार पडल्यावर बाहेर सोडत नाहीत, म्हणून त्या अभ्यासिकेत फार तर तासभर येतात, असे आपण लिहिले आहे. मी आकडेमोड करताना सारखा त्यांच्यापाशी अडकत होतो. त्यांच्यासाठी घरीच स्वतंत्र फोन आणि डेटा हवा. आठ जणींच्या रिचार्जचे वर्षाला ३१,०९६ रुपये होतात. ब्रॉडबँड धरून एकूण ३८,१६२. उरलेल्या २,८३८ रुपयांत चार्जर आणि किरकोळ दुरुस्ती होईल. फोन मात्र नवे घेऊ नयेत. आपल्या निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश टाकावा. प्रत्येक घराच्या कपाटात एक जुना, चालू फोन पडलेला असतो. सीताबर्डीत बॅटरी बदलून आणि काच बसवून घेण्यासाठी एका फोनमागे हजार-दीड हजार धरले, तरी दहा-बारा हजारांत काम होते, आणि तेवढे बचत खात्यातून एकदा काढायला मी हरकत घेणार नाही.

या आठ सिमपैकी एकही आपल्या नावावर घेऊ नये. एका व्यक्तीच्या नावावर नऊपेक्षा जास्त जोडण्या चालत नाहीत, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, त्या नंबरवरून जे काही होईल त्याची विचारणा प्रथम आपल्याकडे होईल. अठरा वर्षांखालील मुलीच्या नावाने सिम मिळत नाही, म्हणून ते आईच्या नावाने घ्यावे. रोख रक्कम हातात न देता आपण स्वतः आपल्या फोनवरून त्या नंबरला रिचार्ज करावे. यात अविश्वास नाही. घरात चारशे रुपये आले की ते आधी गॅसकडे जातात, आणि तसे गेले तर त्या आईला दोष देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.

पैसे खर्च करण्याआधी दोन दारे ठोठवावीत. आठवीच्या मुलांना राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेला बसवावे. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या, सरकारी व अनुदानित शाळांतील निवड झालेल्या मुलांना नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार, म्हणजे चार वर्षांत ४८ हजार मिळतात. गणिताच्या बाईंनी त्यासाठी दिलेले आठवड्याचे दोन तास कोणत्याही टॅबपेक्षा जास्त रुपये घरात आणतील, आणि ऑनलाइन अर्ज भरायला अभ्यासिकेतली जोडणी असेलच. दुसरे दार नागपुरातच मुख्यालय असलेल्या महाज्योतीचे. इतर मागासवर्गीय, विमुक्त व भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील मुलांना दहावीनंतर जेईई, नीट आणि सीईटीच्या प्रशिक्षणासाठी ही संस्था टॅब आणि रोज ६ जीबी डेटा देत आली आहे. यंदा दहावी झालेल्यांपैकी कोणी त्यात बसत असेल, तर त्याच्यावर आपला एक रुपयाही खर्च होऊ नये.

व्याज जुलै, ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिलच्या सुरुवातीला जमा होते. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडत असल्याने हे वेळापत्रक आपल्याला सोयीचे आहे; मात्र जूनच्या मध्यात खाते उघडले तर जुलैमध्ये पंधरा-सतरा दिवसांचेच व्याज येईल, म्हणून पहिल्या तिमाहीचा खर्च बचत खात्यातून करावा लागेल. वारस म्हणून मुलाचे नाव लावावे आणि हा सगळा हिशेब त्यांनाही पाठवावा. मुद्दल सुरक्षित आहे हे दिसले की त्यांचा विरोध बराच निवळेल, असा माझा अंदाज आहे.

आणि आपल्या ठेवीच्या पावतीच्या छायाप्रतीवर मुदतीनंतर आपोआप नूतनीकरणाची सूचना दिसते आहे. ती १२ जूनपूर्वी शाखेत जाऊन लेखी रद्द करावी आणि त्याची पोच घ्यावी; नाहीतर ८ लाख पुन्हा जुन्याच मुदतीसाठी अडकतील आणि ते मोडताना व्याजाचा काही भाग सोडावा लागेल.