नारिंगी सदरा आणि आश्रमशाळेतील मुली

प्रश्न : माझा मुलगा कॅनडातील ओंटारिओ प्रांतात राहतो. गेल्या ३० सप्टेंबरला माझी आठ वर्षांची नात नारिंगी सदरा घालून शाळेत गेली आणि नंतर फोनवर तिने मला घरापासून तोडलेल्या तिथल्या आदिवासी मुलांविषयी सांगितले. मग तिने विचारले, "आजी, तूपण अशाच शाळेत शिकवायचीस ना?" मी शहापूर तालुक्यातील एका आश्रमशाळेत २६ वर्षे शिक्षिका होते. पहिलीतल्या मुली ठाकरी किंवा कातकरी बोलू लागल्या की मी त्यांना "नीट बोला" म्हणून दटावत असे, हे मला त्या क्षणी आठवले आणि उत्तर देता आले नाही. नातीला काय सांगावे?
— एक निवृत्त शिक्षिका, ठाणे

उत्तर : नातीबरोबर आधी त्या सदऱ्याची गोष्ट नीट बोला, कारण त्या गोष्टीतही एक आजी आहे. १९७३ साली ब्रिटिश कोलंबियातील फिलिस वेबस्टॅड या सहा वर्षांच्या मुलीला निवासी शाळेच्या पहिल्या दिवसासाठी तिच्या आजीने नवा नारिंगी सदरा घेऊन दिला होता. शाळेत पोचताच तिचे कपडे काढून घेतले गेले आणि तो सदरा तिला पुन्हा घालायला मिळाला नाही. तिच्या या आठवणीवरून २०१३ पासून नारिंगी सदऱ्याचा दिवस पाळला जाऊ लागला आणि २०२१ पासून ३० सप्टेंबर हा सत्य आणि सलोखा यांचा राष्ट्रीय दिवस झाला. सप्टेंबर एवढ्यासाठी, की मुलांना घरून नेले जाई तो हा काळ. आपल्याकडे जूनमध्ये पत्र्याची पेटी घेऊन वसतिगृहाच्या दारात उभी राहिलेली मुले आपण वर्षानुवर्षे पाहिली आहेत, त्यामुळे हे चित्र आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

आदिवासी मुलांना घरच्या भाषेपासून आणि चालीरीतींपासून तोडण्यासाठी काढलेल्या त्या शाळा सरकारच्या पैशावर चालत आणि बहुतेक ठिकाणी त्यांचा कारभार चर्चकडे असे. दीड लाखांहून अधिक मुले त्यांत राहून गेली. १९२० मध्ये कायदा बदलून सरकारने ही हजेरी सक्तीची करण्याचा अधिकार घेतला. त्याच्या बऱ्याच आधी, १९०७ मध्ये, सरकारचेच वैद्यकीय अधिकारी पीटर ब्राइस यांनी या शाळांत क्षयाने मुले मरत असल्याचे लेखी कळवले होते. तरीही शाळा तशाच चालू राहिल्या, आणि मला या साऱ्या इतिहासात सर्वांत असह्य वाटते ती हीच गोष्ट, कारण येथे अज्ञानाची सबब उरत नाही. शेजारच्या अमेरिकेत १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे अशी शाळा निघाली. तिथे पहिल्या तुकडीत गेलेल्या लुथर स्टँडिंग बेअर या लाकोटा जमातीच्या आदिवासी मुलाच्या हाती छडी देऊन फळ्यावर लिहिलेल्या इंग्रजी नावांपैकी एकाकडे बोट दाखवायला सांगितले गेले. ती अक्षरे त्याला वाचताही येत नव्हती, पण त्या दिवसापासून ते त्याचे नाव झाले. त्या शाळेच्या दफनभूमीतील मुलांचे अवशेष २०१७ पासून त्यांच्या लोकांकडे परत दिले जात आहेत.

आता आपल्या प्रश्नाचा कठीण भाग. आश्रमशाळा ही त्या शाळांचीच नक्कल आहे, असे नातीला सांगू नका, कारण ते खरे नाही. कोणत्याही कायद्याने शहापूर किंवा मुरबाडच्या पाड्यांवरून मुले ओढून आणली नाहीत. दिवाळीनंतर भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कातकरी आईबापांनी मुलाला दोन वेळचे जेवण आणि अक्षरओळख मिळावी म्हणून त्याला स्वतःच्या पायांनी शाळेत आणून सोडले, आणि सुट्टीत मूल घरी जात राहिले. घटनेच्या ३५० (क) या अनुच्छेदात, १९५६ च्या दुरुस्तीपासून, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास राज्यांना सांगितलेले आहे. अर्थात, वर्गात मात्र प्रमाण मराठीच चालली.

म्हणून "नीट बोला" या दोन शब्दांविषयी मी आपले सांत्वन करणार नाही. घरची बोली हा दोष आहे, असे सहा वर्षांच्या मुलीला त्या शब्दांतून कळते, आणि तेवढ्यापुरता त्या दूरच्या शाळांशी आपला संबंध पोचतो. वेगळे वागणे त्या काळीही शक्य होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात, मुलांना शाळेत आणण्याऐवजी शाळाच मुलांकडे नेली : पाड्यातल्या अंगणात अंगणवाडी भरवली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. आपल्याला अशी दृष्टी कोणी शिकवली नाही, हा आपल्या प्रशिक्षणाचाही दोष होता, आणि हे नातीला सांगण्यात कमीपणा नाही.

स्मरण कसे करावे, याचा एक मार्ग कॅनडातच सापडतो. ३० सप्टेंबर २०१९ रोजी तिथे सुमारे ५० मीटर लांबीच्या लाल कापडावर, शाळेतून घरी न परतलेल्या २,८०० मुलांची नावे लिहून ते कापड लोकांसमोर उलगडले गेले. आपल्या बाबतीत मुली जिवंत आहेत, बहुधा चाळिशी-पन्नाशीच्या असतील. एक वही घ्या आणि आठवतील तेवढी नावे लिहा, हजेरीपटावरची आणि पाड्यावर त्यांना ज्या नावाने हाक मारत तीही. दटावलेल्या ठाकरी, कातकरी शब्दांपैकी जे आजही कानात आहेत, ते त्या नावांसमोर टिपा. शहापूरला जाणे जमले, तर त्यांच्यापैकी कोणाकडून तरी ते शब्द तपासून घ्या, आणि तेव्हा आपण काय म्हटले होते तेही त्यांच्याशी बोला. पुढच्या फोनवर नातीला त्या वहीतले पहिले पान वाचून दाखवा.