आधी बोहारणीला गेटमधून आत तर येऊ द्या

तुम्ही विचारलंय की पुण्यात लोकल सर्क्युलर इकॉनॉमी (म्हणजे वस्तू फेकून न देता पुन्हा पुन्हा वापरात ठेवणं) वाढवायला सोसायटीच्या पातळीवर काय करता येईल, कुठलं ॲप वगैरे आहे का. मी आमच्या ६४ फ्लॅटच्या सोसायटीत चार वर्षं सेक्रेटरी होतो (दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून), तेवढ्या अनुभवावर सांगतो. नवीन काही आणायच्या आधी, जे चालू होतं ते आपणच बंद पाडलंय का ते बघा.

लहानपणी आमच्या वाड्यात बोहारीण यायची. आई जुन्या साड्या, बाबांच्या पँटी काढून बसायची आणि मग अर्धा तास घासाघीस, "ताई, ही जरीची अजून एक टाका, मग मोठं पातेलं देते", आणि शेवटी पातेल्याऐवजी एक डबा हातात पडायचा तरी आई खूश. ते कपडे पुढे जुन्या बाजारात जायचे, कोणीतरी घालायचं, अगदीच फाटके असले तर गॅरेजमध्ये पुसायला. आता आमच्या गेटवर व्हिजिटर ॲप आहे. बोहारीण आली की वॉचमन विचारणार कुठल्या फ्लॅटकडे, आणि ती तर सगळ्यांकडेच आलेली असते, ॲपमध्ये तसा ऑप्शनच नाही, म्हणून ती परत. धारवाल्याचं तेच, भंगारवाल्याचं तेच. आणि मग सोसायटीतलेच लोक ग्रुपवर विचारतात की जुने कपडे कुठे देता येतील! आम्ही शेवटी महिन्याचा दुसरा रविवार ठरवला, १० ते १, रजिस्टरमध्ये नाव लिहून सगळ्यांना आत सोडायचं. मीटिंगमध्ये ह्या एका विषयावर जेवढं भांडण झालं तेवढं लिफ्टच्या खर्चावरून पण झालं नव्हतं.

दुसरं म्हणजे कचरा घ्यायला येणाऱ्या ताई. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे, त्यातूनच पुढे स्वच्छ ही सहकारी संस्था झाली, आधी कुंड्यांमधून वेचणाऱ्या कितीतरी बायका आता दारोदार जाऊन कचरा घेतात. घरटी महिन्याला थोडे पैसे मिळतात ते एक आणि सुका माल विकून मिळतात ते दुसरं, आणि ह्या दुसऱ्यातच आपण माती कालवतो. एकदा सकाळी मी आमच्या ताईंबरोबर पार्किंगमध्ये वर्गीकरणाला बसलो. चांगला जाड पुठ्ठा, पण कोणीतरी त्याच पिशवीत वरणभात टाकलेला. त्यांनी नुसता बोटाने दाबून बघितला आणि "हा गेला" म्हणून बाजूला टाकला. कोरडा असता तर वजनात गेला असता. दुधाच्या पिशव्यांचं पण तसंच, न धुता दिली की दोन दिवसांत वास मारते, आणि कोपरा कापून वेगळा टाकू नका, नुसती चीर द्या, तो इवलासा तुकडा कोणी वेचत बसत नाही. (२०१८च्या प्लास्टिकबंदीत पिशवी परत दिली की ५० पैसे मिळणार होते, आमच्याकडे तरी अजून कोणी दिले नाहीत.) वेफर्सची चकचकीत पाकिटं भंगारवाला हातात पण घेत नाही, त्यात वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा म्हणजे उघडून बघायची वेळ त्यांच्यावर येत नाही.

आता ओला कचरा, आणि इथे आमची फजिती. २४ तासांत खत होतं म्हणून आम्ही एक मशीन घेतलं, मोठा खर्च करून. दुसऱ्या दिवशी खरंच तपकिरी भुकटी बाहेर आली, सगळे खूश, फोटोबिटो झाले. ती मोगऱ्याला घातली, पाणी दिलं, आणि तीन दिवसांत वर पांढरी बुरशी, घाण वास आणि झाडं माना टाकून बसली. नंतर कळलं की ते खत नव्हतंच, मशीन नुसतं तापवून दळून कचरा वाळवतं, पाणी पडलं की तो परत कुजायला लागतो. वर लाईटबिल वाढलं ते वेगळंच. शेवटी ते मशीन भंगारवाल्यालाच विकलं, म्हणजे ते तरी सर्क्युलर झालं म्हणायचं.

त्यानंतर साधे जाळीचे हौद केले. ओल्या कचऱ्यावर वाळका पाला, आठवड्यातून एकदा खालवर करायचं, दीड महिना लागतो. वास आला की पाला कमी पडलाय समजायचं, अळ्या दिसल्या तर किंचाळायचं नाही, त्या कामच करतायत. पूर्वी आम्ही पाला जाळायचो, आता शेजारच्या सोसायटीकडून मागून आणतो. ताईंच्या सुनेला हे काम पगारावर दिलंय. खताचा प्रकल्प खरंच चालू असेल तर महापालिका मिळकतकरात ५ टक्के सूट पण देते, त्याची चौकशी करा.

गणपतीचं राहिलं. शाडूची माती गुजरातमधून येते आणि आपण ती दीड दिवसात पाण्यात सोडून देतो. ती परत वापरता येते, रंगाचं पाणी ओतून टाकायचं, खालचा गाळ चाळून सुकवायचा, मूर्तिकार घेतात. आम्ही मागच्या वर्षी तीन गोणी दिल्या. एक काका ऐकत नव्हते, म्हणे बाप्पाची माती दुसऱ्याला कशी द्यायची. मी म्हटलं, काका, पुढच्या वर्षी लवकर या म्हणता ना, मग यायला माती नको का? हसले आणि दिली.

ॲपचं म्हणाल तर आम्ही कुठलंच वापरत नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आहे का कोणाला हवं' एवढं पुरतं. थर्माकोलचं मात्र आमचंही जमलेलं नाही, पार्किंगच्या कोपऱ्यात टीव्हीचे तीन खोके तसेच पडून आहेत.