कोकण ज्वालामुखीतून तयार झालं, तर तिथे काळ्या कातळाऐवजी लाल दगड का? आणि गरम झरे म्हणजे खाली ज्वालामुखी जिवंत आहे का?

मी राजापूर तालुक्यातला. आमचं घर जांभ्याच्या, म्हणजे याच लाल दगडाच्या, चिऱ्यांचं आणि विहीरही जांभ्यात खणलेली, त्यामुळे तुमच्या पहिल्या शंकेवर जरा जास्तच लिहिणार आहे.

लाल जांभा हा तोच लाव्हा आहे, पावसाने कुजवलेला. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर चढले आणि सह्याद्रीत दिसतो तो काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, तयार झाला. पुढे पश्चिमेकडचा भूभाग तुटून दूर गेला (सेशेल्स बेटं त्यातलीच), कडा झिजत पूर्वेला सरकला आणि मधे कोकणपट्टी उरली. या पट्टीवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि मग आठ महिने कडक ऊन. हे लाखो वर्षं चाललं की दगडातली सिलिका, चुना, सोडा धुऊन जातो. मागे राहतं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम. लोह गंजतं, म्हणून रंग लाल.

चिरेखाणीवर कधी गेलात तर नुकता कापलेला चिरा हातात घेऊन बघा. ओलसर असतो, कोयत्याच्या टोकाने खरवडता येतो, भोकाभोकांत पिवळी-पांढरी माती भरलेली असते. हाच चिरा उन्हावाऱ्यात राहिला की टणक होतो आणि पिढ्यान्‌पिढ्या भिंत उभी ठेवतो. आमच्याकडे घर, गडगा (दगडी कुंपण), देऊळ, विहीर सगळं यातच बांधलेलं, ते या गुणामुळे.

जांभ्याखाली बहुतेक ठिकाणी शेडी लागते. ही चिकट, पांढुरकी माती, दगड अर्धवट कुजल्यावर झालेली. पावसाचं पाणी जांभ्याच्या भोकांतून खाली उतरतं, शेडीवर अडतं आणि सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या सपाट पठाराच्या, कुशीतून झऱ्यांनी बाहेर पडतं. कोकणातली वाडी डोंगरउतारावर किंवा पायथ्याला का, देऊळ नेमकं झऱ्याजवळ का, नारळी-पोफळीची आगरं (बागा) व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाने का, याचं उत्तर बरंचसं या दोन थरांत आहे. वरचा सडा खरवडून काढला तर खालची विहीर आटणार, हे सांगायला भूशास्त्रज्ञ लागत नाही. सरकारी दप्तरात मात्र असा कातळ पोटखराब, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, म्हणून लागतो आणि ‘तिथे काही नाहीच’ असं धरून बेत आखले जातात. मला याचा मनापासून राग येतो.

कारण तिथे खूप काही आहे. मे महिन्यात सडा खरंच भाजलेला दिसतो. पण पहिल्या पावसानंतर काही दिवसांत खळग्यांतल्या बोटभर मातीतून दिपकाडीची पांढरी फुलं वर येतात. तिची एक जात कोकण-गोव्याच्या या पट्ट्यापुरतीच आहे. मग गेंद, सीतेची आसवं, चिकट थेंबांनी किडे धरणारा दवबिंदू. जमिनीत नत्र इतकं कमी की झाडांनाच शिकार करावी लागते. हापूसची कलमंही याच कातळावर उभी आहेत, पण त्यासाठी लोकांनी सुरुंगाने खड्डे पाडले, बाहेरून माती आणून भरली.

आणि कातळशिल्पं! कशेळीच्या सड्यावर एक प्रचंड हत्ती कोरलेला आहे, त्याच्या अंगात मासे, पक्षी आणि इतर प्राणी. काही सड्यांवर गेंडा आहे, जो आज कोकणात कुठेच नाही. देवाचे गोठणे इथल्या मनुष्याकृतीवर होकायंत्र ठेवलं तर सुई भरकटते. बारसू, देवीहसोळ, उक्षी, जांभरुण अशी ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून ही शिल्पं नोंदवली नसती, तर कित्येक चिरेखाणीत गेली असती. बघायला सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा, तेव्हा तिरप्या उजेडात रेषा उठून दिसतात. कोरलेल्या भागावर पाय देऊ नका.

सगळं कोकण लाल आहे असंही नाही. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेची वाट समुद्रालगतच्या काळ्या कातळावरून जाते. खाऱ्या पाण्याने आणि वाऱ्याने त्या कातळाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पाडली आहेत. भरतीला ही वाट बंद असते, वेळ विचारूनच उतरा. उलट दक्षिणेला मालवण-वेंगुर्ल्याकडे गेलात तर लाव्ह्याचा थर संपतो आणि त्याच्याही आधीचे, कितीतरी जुने खडक उघडे पडतात. रेडीचं लोहखनिज त्या जुन्या खडकांतलं.

आता गरम झरे. आमच्याकडे त्यांना उन्हाळे म्हणतात. दापोली तालुक्यातलं उन्हवरे, संगमेश्वरकडे तुरळ, राजवाडी, आरवली, आणि राजापूरजवळचं उन्हाळे गाव. नकाशावर खुणा केल्या तर ते किनाऱ्याला जवळपास समांतर ओळीत येतात, कारण त्यांच्याखाली खोल भेगांची रांग आहे. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल मुरतं, तिथल्या नैसर्गिक उष्णतेने तापतं आणि परत वर येतं. पृथ्वीच्या पोटात जसजसं खोल जावं तसतशी उष्णता वाढतेच, त्याला ज्वालामुखी लागत नाही. दख्खनचा लाव्हा कोट्यवधी वर्षांपूर्वी थंड झाला, तो पुन्हा उसळण्याची भीती नको. उन्हवऱ्याचं पाणी मात्र उगमाशी चटका बसेल इतकं कढत असतं, तेव्हा थेट उगमात हात न घालता स्नानासाठी बांधलेल्या कुंडातच उतरा.