माळ्यावरच्या साड्या, बरण्या, डबे, पिशव्या : कशाचं काय करायचं

तुम्ही लिहिलंय की सासूबाईंनी इतकी वर्षं जपून ठेवलेल्या सुती साड्या, काचेच्या बरण्या, श्रीखंडाचे डबे, दुधाच्या पिशव्या, रद्दी या सगळ्याने वन बीएचकेचा माळा गच्च भरलाय, टाकवत नाही आणि ठेवायला जागा नाही, तर यातलं खरंच उपयोगाचं काय आहे. आधी हे सांगते की सासूबाईंनी जपलं ते बरोबरच केलंय, त्यातल्या साड्या तर आज विकत घ्यायला गेलात तरी तसलं सूत मिळणार नाही. पण वस्तू नुसती ठेवली म्हणून पैसे वाचत नाहीत, तिच्यामुळे दुसरं काही विकत आणायचं टळलं तरच वाचतात. म्हणून एकेक गोष्ट हातात घ्या आणि एवढंच बघा, हिच्यामुळे दुकानातून काय आणायचं वाचणार आहे? नाव सुचलं तर ठेवा, नाही सुचलं तर ती बोहारणीला किंवा भंगारवाल्याला.

सुरुवात साड्यांपासून करा, खरा माल तोच आहे. पहिल्यांदा सुती कुठली आणि मिक्स कुठली ते वेगळं काढा. हाताला कळत नसेल तर काठाजवळचा एखादा दोरा ओढून चिमट्यात धरा आणि सिंकपाशी उभं राहून काडीने पेटवा. सुती असेल तर कागद जळाल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरगळते, पॉलिस्टर असेल तर दोरा वितळतो आणि टोकाला काळा कडक मणी होतो, रेशीम असेल तर केस जळल्याचा वास येतो. रेशमी आणि जरीच्या साड्या बाजूलाच ठेवा, त्यांचे ड्रेस, ओढण्या, उशांचे अभ्रे चांगले होतात, गोधडीत त्या घालू नका कारण जर टोचते आणि रेशीम धुण्याला टिकत नाही. पॉलिस्टर घाम आणि पाणी शोषत नाही म्हणून अंथरुणाला आणि पुसायला दोन्हीला निरुपयोगी, पण तिच्या पट्ट्या फाडल्या तर वेल बांधायला, टोमॅटोच्या झाडाला आधार द्यायला अगदी छान, पावसात कुजत नाहीत. शिवाय पंखा, कूलर, मोठी पातेली यांना खोळी शिवायला तीच घ्या.

आता सुती साड्या. गोधडी करायचीच, आणि ती वाटते तितकी अवघड नाही. हिशेब बघा, सहावारी साडी साधारण साडेपाच मीटरची आणि पन्हा ४५ इंचाच्या आसपास, तिची तीन पदरी घडी घातली की बरोबर सहा फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असं एका माणसाचं पांघरूण होतं. अशा दोन साड्या एकावर एक म्हणजे सहा थर झाले, पुण्याच्या थंडीला पुरतात आणि हाताने सुईही जाते. त्याच्यावर थर वाढवायच्या मोहात पडू नका, सुई ओढताना बोटं सोलून निघतात आणि धुताना भिजलेली गोधडी एकट्या बाईला पिळवत नाही. नऊवारी असेल तर ती सव्वाआठ मीटर भरते, तिचे चार थर होऊन वर थोडं उरतं.

शिवायच्या आधी साड्या गरम पाण्यात धुवून खळ काढून टाका आणि कडक उन्हात वाळवा. ज्या साडीचा रंग जातो ती आत घालू नका, नाहीतर पहिल्याच धुण्यात सगळ्या गोधडीवर डाग उतरतात, कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघितलं की कळतं. जी सगळ्यात धड आहे ती वरून आणि खालून येईल अशी घ्यायची, विरलेली, फाटलेली, डाग पडलेली सगळी आत, तिथे विटकं कापडही चालतं, किंबहुना जितकं धुवून मऊ झालेलं तितकी ऊब चांगली. काठ जाड असतात म्हणून ते आधी कापून घ्या, शेवटी कडेने पट्टी लावायला तेच वापरायचे, म्हणजे पट्टीचं कापडही आणावं लागत नाही आणि कडा लवकर फाटत नाहीत. सगळे थर फरशीवर ताणून पसरा, कोपऱ्यांवर डबे ठेवा, आणि मधून बाहेरच्या दिशेने हात फिरवत लांब लांब कच्चे टाके घाला. ही पायरी कंटाळा करून सोडू नका, ती सोडली की मधे फुगे येतात आणि ते पुढे काही केल्या बसत नाहीत. मग जाड सुती दोरा आणि लांब सुई घेऊन कडेपासून धावदोरा सुरू करायचा आणि चौकोन लहान करत करत आत यायचं, दोन ओळींमधे दोन बोटांचं अंतर पुरे. टाके सरळ रेषेत आलेच पाहिजेत असं काही नाही, घट्ट मात्र ओढू नका, कापड चुणतं. रोज दुपारी थोडं थोडं केलं तरी होते. शिवायला वेळच नसेल तर आपल्या साड्या घेऊन शिलाई लावून गोधडी करून देणाऱ्या बायका आणि बचत गट पुण्यात आणि आसपास आहेत, फक्त देताना थर किती आणि अंतर किती ते नीट ठरवून द्या. मशीनवर मारलेली गोधडी दिसायला छान, पण ओळी लांब लांब असल्या तर आतलं कापड गोळा होतं, म्हणून ओळी जवळ मारून मागा.

सगळ्यात मऊ झालेली एक साडी मात्र राखून ठेवा. घरात, नात्यात बाळ येणार असेल तर दुपटी तिचीच, विकतच्या बेबी शीटला ती सर येत नाही आणि सारखी धुवून पटकन वाळतात. त्यानंतर उरलेल्या तुकड्यांची फडकी. ती सरसकट फाडून एका पिशवीत कोंबू नका, ओट्याची वेगळी, पोळ्यांच्या डब्यातली वेगळी, फरशीची वेगळी, आणि शक्यतो रंगाने वेगळी, म्हणजे घरातल्या कुणालाही विचारावं लागत नाही. कोथिंबीर निवडून, कोरडी करून सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली तर प्लास्टिकच्या पिशवीतल्यापेक्षा जास्त दिवस टिकते, कारण सुटलेलं पाणी कापड ओढून घेतं. ही फडकी झाल्यावर टिश्यू रोल आणि ते पिवळे-निळे स्पंज आणायचे बंद करा, नाहीतर दोन्ही घरात राहतील आणि वाचलं काहीच नाही असं होईल.

बोहारीण अजून येत असेल तर तिला पँट, शर्ट, वापरायच्या नसलेल्या जरीच्या साड्या असं द्या, ती विकता येण्यासारखंच घेते, विरलेलं सुती कापड ती घेतही नाही. घासाघीस करा पण जरा हात राखून, तेच कपडे धुवून, दुरुस्त करून ती पुढे बाजारात बसते, तिचं सगळं घर त्याच्यावर चालतं. चांगले धडके कपडे असतील आणि भांडी नको असतील तर गूंजसारख्या संस्था घेतात, ही संस्था १९९९ पासून हेच काम करतेय, जुन्या सुती कापडापासून बायकांसाठी पॅडही करतात. देताना स्वच्छ धुवून द्या, आपली घाण दुसऱ्याकडे नको.

काचेच्या बरण्या. लेबल निघत नसेल तर कोमट पाण्यात भिजवा, चिकटा राहिला तर खोबरेल आणि खायचा सोडा कालवून लावा, पंधरा मिनिटांनी घासलं की जातो. वास बरणीत राहत नाही, झाकणाच्या आतल्या रबरात राहतो, म्हणून झाकण दोन दिवस उन्हात उलटं ठेवा आणि तरी वास आला तर त्यात चहा-साखर न ठेवता मसाला, हिंग, मोहरी ठेवा. पत्र्याच्या झाकणाच्या बरणीत लोणचं मात्र नको. मीठ आणि आंबटाने झाकण गंजतं आणि तो गंज लोणच्यात उतरतो, लोणच्याला चिनी मातीची बरणी आणि वर सुती दादरा हेच बरं. एका मापाच्या सात-आठ बरण्या ठेवा, बाकीच्या देऊन टाका, कारण वेगवेगळ्या आकाराच्या बरण्या फडताळात जागाच जास्त खातात.

श्रीखंड-आइस्क्रीमचे डबे कोरड्या वस्तूंना ठीक, रवा, पोहे, बटणं, औषधांच्या स्ट्रिप्स. गरम भाजी, तेलकट काही त्यात भरू नका आणि मायक्रोवेव्हमधे तर नाहीच. पाण्याच्या पातळ बाटल्या एकदाच्या वापरासाठीच केलेल्या असतात, त्या फ्रीजमधे महिनोन् महिने फिरवण्यापेक्षा स्टीलची बाटली घ्या, काटकसर म्हणजे तब्येतीशी खेळणं नव्हे. तेलाचे १५ किलोचे पत्र्याचे डबे असतील तर ते मात्र सोन्यासारखे जपा! वरचा पत्रा कापून झाकण बसवून घेतलं, सोडा आणि गरम पाण्याने तेलकटपणा काढून उन्हात कडकडीत वाळवला की साधारण १२ किलो गहू एका डब्यात मावतात, उंदीर लागत नाही, आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला घातला की वर्षाचं धान्य राहतं. रंगाची बादली धान्याला किंवा प्यायच्या पाण्याला वापरू नका, तिला भोकं पाडून खाली विटेवर ठेवा आणि ओला कचरा जिरवा, एक थर भाजीच्या देठांचा, एक थर वाळल्या पानांचा नाहीतर नारळाच्या शेंड्यांचा. चहाचा चोथा टाकायचा तर धुवून टाका, दूध-साखर राहिली की मुंग्या आणि बुरशी हमखास.

दुधाच्या पिशव्या साठवून काय करणार ते ठरवा, नुसत्या धुवून ठेवण्यात अर्थ नाही. रोपं करायची असतील तर त्या उत्तम, वरून कापायची, तळाला तीन-चार भोकं, मिरची, टोमॅटो, शेवगा काहीही लावा. बाकीच्या धुवून, उलट्या वाळवून भंगारात किलोवर जातात किंवा सुक्या कचऱ्यात वेचकांना द्या, पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या बायका नेतात. एक सवय मात्र घरात सगळ्यांना लावा, पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकायचा नाही, नुसता काप द्यायचा आणि तो तुकडा पिशवीलाच लटकत ठेवायचा. ते सुटे छोटे तिकोने कुणी वेचत नाही, ते सरळ गटारात आणि गाईच्या पोटात जातात.

रद्दी काचा पुसायला, कपाटात खाली घालायला, भिजलेल्या बुटात कोंबायला वापरा. भजी, वडे, पुऱ्यांचं तेल टिपायला अजिबात नको, शाई अन्नाला लागते, आणि आता २०१८ च्या पॅकेजिंगच्या नियमांत खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात गुंडाळायला मनाईच आहे. तळणीच्या तेलाचंही तसंच. एकदा तळून झालं की गाळून, झाकून ठेवा आणि चार दिवसांत फोडणीत, कणकेत संपवा, परत परत तळायला घेऊ नका आणि नव्या तेलात मिसळू नका. काळं पडलेलं, फेस येणारं तेल टाकायचं म्हणजे टाकायचं, पण सिंकमधे नाही, तिथे घट्ट होऊन पाइप तुंबतो.

स्वयंपाकघरात तर वाचवण्यासारखं इतकं आहे की त्यावर वेगळं लिहावं लागेल, एकच सांगते. दोडक्याच्या शिरा टाकत असाल तर आजपासून टाकू नका. त्या थोड्या तेलात अगदी खरपूस, कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, त्यात तीळ, किसलेलं सुकं खोबरं, लसूण भाजून घालायचं, तिखट, मीठ आणि चिमूटभर साखर, हाताने चुरायचं. भाकरीबरोबर दोडक्याच्या भाजीच्या आधी ही चटणी संपते. पिळलेली लिंबं आणि चिंचेचा चोथा मिठाबरोबर तांब्या-पितळेच्या भांड्यांना, त्यासाठी पावडर आणायची गरज नाही. तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना घाला. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी फरशी, संडास, गॅलरी धुवायला घ्या, कुंड्यांना रोज नको, त्यात क्षार जास्त असतात आणि ते मातीत साठत जातात.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते, तुमच्याकडे लहान मूल असो नसो. फिनेल, अॅसिड, रॉकेल, पातळ केलेलं कीटकनाशक कधीही पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरू नका. मूल बाटली ओळखतं, आतलं काय आहे ते ओळखत नाही, तहान लागली की सरळ तोंडाला लावतं. आणि या वस्तूंचे रिकामे डबे, कॅन कितीही धुतले तरी दुसऱ्या कशालाही वापरायचे नाहीत, भोक पाडून टाकायचे.

माळा एका दिवसात काढायला जाऊ नका, पहिल्या रविवारी फक्त साड्या खाली घ्या. धुणं आणि ऊन दाखवणं मृग लागायच्या आत उरका, पावसाळ्यात जाड सुती कापड नीट वाळत नाही आणि दमट राहिलेलं गोधडीत गेलं की कुबट वास बसतो. शिवायला मग पावसाळाभर दुपारी बसलात तरी थंडीपर्यंत एक तयार होते.