ग्रुपवर भांडायच्या आधी

बाळा,

सोसायटीच्या ग्रुपमधून तू एक्झिट झाली हे आईकडून समजलं, कारणही समजलं, कुत्र्यांना पोळी टाकण्यावरून तिसऱ्या माळ्यावरच्या काकांशी जुंपली म्हणून. स्क्रीनशॉट मला आईनेच पाठवले, आणि तिला कोणी पाठवले ते विचारू नको, फिरूनच राहिले आहेत. मुद्दा तुझाच बरोबर होता गं. पण सगळे काकांच्या बाजूने गेले, ते काहून गेले तेच सांगायला हे लिहून राहिली.

तुला वाटलं तू काकांना उत्तर देऊन राहिली. तू दोनशे घरांसमोर उत्तर देऊन राहिली होती, आणि एवढ्या लोकांसमोर साठी ओलांडलेला माणूस माघार घेईल कसा सांग? हेच लिफ्टपाशी गाठून म्हटलं असतं की काका, गेटपासून लांब टाकते, चालेल का, तर पाच मिनिटं कुरकुर केली असती अन् हो म्हटलं असतं, कारण बघायला कोणीच नव्हतं. ग्रुपवर बघणारे असतात, त्यांच्या ठेंग्यांसाठी माणूस दोन शब्द जास्तीचे बोलून जातो, तूही बोललीच, ते "वयाचा तरी विचार करा" काय गरज होती? तिथेच कुत्रे राहिले बाजूला आणि लोक तुझं वागणं मोजायला लागले.

म्हणून एखाद्याशी पटलं नाही तर त्याला पर्सनलवर गाठ, त्याहून बरं म्हणजे फोन कर, कारण लिहिलेल्यात आवाज नसतो, आणि आपलं नागपुरी बोलणं तर आवाजाशिवाय वाचलं की भांडणच वाटते. कौतुक मात्र खुशाल सगळ्यांसमोर कर, त्याची कंजूषी फार आहे लोकांत. आणि खड्डा, बंद पडलेला लाइट, तुंबलेली नाली, असल्या तक्रारी उघड्यावरच टाकायच्या, मनपाला टॅग करून, फोटो, गल्ली, तारीख सगळं देऊन. तिथे लोकांनी पाहिलंच पाहिजे. फक्त शिवी नको, शिवी टाकली की खड्डा कोणी पाहत नाही.

राग आला तर लिही, पण व्हॉट्सॲपमध्ये लिहू नको, नोट्समध्ये लिही, जेवण कर, मग वाच. आता तू म्हणशील एडिट आहे ना. आहे, 2023 पासून आहे, पण 15 मिनिटंच, आणि डिलीट फॉर एव्हरीवनला दोन दिवसांच्या वर वेळ मिळतो तरी मेसेज डिलीट झाल्याची पट्टी मागे राहतेच, मग ज्यांनी वाचलं नव्हतं तेही विचारत बसतात काय होतं बाप्पा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण नागपुरात बडग्याचा पुतळा काढतो, त्याच्या गळ्यात वाट्टेल ती पाटी अडकवतो, महालात, इतवारीत मिरवतो आणि जाळून मोकळे होतो. ग्रुपवरचा बडग्या जळत नाही, पुढच्या वर्षी कोणीतरी तीच पाटी घेऊन येते.

फॉरवर्डचं वेगळं सांगते. मार्च 2025 मध्ये महालात दंगल झाली, कितीक भागात कर्फ्यू लागला, ते तू घरात बसून पाहिलं आहे, आणि त्यात सोशल मीडियावरच्या अफवांचाही वाटा होता असं पोलिसांनी तेव्हाच सांगितलं. मेसेजवर दोन बाण दिसले म्हणजे तो निदान पाच हातांतून फिरून आलेला असतो, असा मेसेज व्हॉट्सॲप 2020 पासून एका वेळी एकाच चॅटला पाठवू देते, ते उगीच नाही. तू कॉलेजच्या ग्रुपची ॲडमिन आहे म्हणून हेही माहीत असू दे की 2021 मध्ये आपल्याच सिव्हिल लाइन्समधल्या हायकोर्टाच्या खंडपीठाने म्हटलं होतं, मेंबरने काही घाण टाकली आणि त्यात ॲडमिनचा हात नसला तर नुसतं ॲडमिन असल्यामुळे त्याला जबाबदार धरता येत नाही. ऐकून तुला हायसं वाटेल. पण मग तू स्वतः जे पुढे ढकलते ते तुझ्याच नावावर राहते, तिथे "मी तर फक्त फॉरवर्ड केलं" म्हणून सुटका नाही.

रात्री झोपायच्या आधी कमेंटा वाचत पडायची तुझी सवय मला अजिबात आवडत नाही. म्यूट कर ना, म्यूट केलेलं कोणाला समजत नाही. काकांनी वाचून उत्तर दिलं नाही, म्हणजे अपमान केला, हेही काढून टाक डोक्यातून, माणूस दवाखान्यात असतो, गाडीवर असतो, कधी नुसता कंटाळलेला असतो. आणि इन्स्टावर जे पोट्टे फोकनाड मारतात त्यांना उत्तर द्यायला तू काही नोकरीला नाही लागलेली.

आता एक गोष्ट, जिथे वरचं सगळं उलटं करायचं. कोणी इनबॉक्समध्ये घाणेरडं लिहिलं, फोटो मागितला, धमकी दिली, तर एकट्यात समजवायला जायचं नाही, गोड बोलून मिटवायचं नाही. आधी स्क्रीनशॉट, प्रोफाइलची लिंक, तारीख, हे सगळं जपून ठेवायचं आणि मगच ब्लॉक, पोरी रागात चॅट उडवून टाकतात अन् मग दाखवायला हातात काही राहत नाही. तक्रार सरकारच्या राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर घरबसल्या करता येते, पैसे गेले असतील तर लगेच 1930 लावायचा. आणि आईला सांगायला लाज वाटली तर मला सांग, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

तुझी मावशी