लांब ट्रेलर घ्यायचाय? आधी अंगणात चुन्याने आखून बघा

प्रश्न : माझ्याकडे ४५ एचपीचा ट्रॅक्टर आहे, सहा फुटी रोटावेटर, नऊ फाळांचा कल्टिवेटर आणि चिखलणीची केज व्हील्स. सत्तरी-डिचोलीत भाड्याने नांगरून देतो, हल्ली दिवाडीहूनही बोलावणं येतं. ट्रॅक्टर चालवत नेला तर येऊन जाऊन कामाचा वेळ रस्त्यातच जातो, टायर झिजतात ते वेगळंच. माझे भावोजी टेक्सासला असतात, त्यांनी गूसनेक ट्रेलरचा व्हिडिओ पाठवला, पिकअपच्या हौद्यात बॉल, म्हणजे ट्रेलर अडकवायचा लोखंडी गोळा, बसवून मागे लांबलचक ट्रेलर, त्यावर ट्रॅक्टर आणि सगळी अवजारं एकाच खेपेत. इथला एक वेल्डर म्हणतो २८ फुटी करून देतो, माझ्याच पिकअपला जोडून. भावोजी पण स्वतःसाठी एक घेणार आहेत, २० फुटी घ्यावा की २५ या विचारात आहेत. आम्ही दोघांनी काय करावं?
– एक वाचक, वाळपई

उत्तर : भाऊ, वेल्डरला आगाऊ पैसे दिले नसतील तर अजून देऊ नका, आधी हे वाचा.

गूसनेक का चांगला ते सांगतो, कारण चांगला आहेच. साधा ट्रेलर गाडीच्या शेपटीला, मागच्या चाकांच्याही मागे लटकतो, त्यामुळे गाडीचं नाक उचललं जातं आणि ट्रेलर डुलायला लागतो. गूसनेकची मान हौद्यावरून पुढे येते आणि बॉल मागच्या ॲक्सलच्या बरोब्बर वर किंवा जरासा पुढे बसतो, म्हणून वजन थेट चाकांवर जातं, डुलणं खूप कमी होतं आणि जागच्या जागी वळवताही येतो. पण याच मानेवर एकूण वजनाचा २० ते २५ टक्के भार येतो, साध्या ट्रेलरला १० ते १५ टक्केच. हा आकडा लक्षात ठेवा, तुमचं सगळं उत्तर यातच आहे.

आता तुमचा हिशोब करू. ट्रॅक्टर साधारण २ टन, रोटावेटर ४०० किलोच्या आसपास, कल्टिवेटर अडीचशे, केज व्हील्स आणि बाकीचं सटरफटर धरून माल झाला पावणेतीन-तीन टन. लांब लोखंडी ट्रेलर स्वतःच दोन-अडीच टनांचा. म्हणजे मागे पाच-साडेपाच टन, त्यातला सव्वा टन तुमच्या हौद्यावर. आपल्याकडच्या पिकअपची पासिंगच, म्हणजे कागदावर भरायला परवानगी असलेलं वजन, मुळात सव्वा ते पावणेदोन टन असते, म्हणजे मानेनेच गाडी भरली, आणि अजून ओढायचंय, त्याहून महत्त्वाचं म्हणजे थांबवायचंय. व्हिडिओतल्या त्या गाड्यांना ६.६-६.७ लिटरची डिझेल इंजिनं असतात, गाडी स्वतःच तीन-साडेतीन टनांची, मागे बऱ्याचदा दोन्ही बाजूला जोडचाकं, ट्रेलरच्या चाकांना वेगळे इलेक्ट्रिक ब्रेक आणि ट्रेलर सुटला तर ते ब्रेक आपोआप लागायची सोय. आपण त्यातली फक्त मान उचलून आणली तर चोर्ला घाटाच्या उतारावर बेळगावहून येताना पाच टन मागून ढकलणार, आणि पुढे अडवायला पिकअपचे एकटे ब्रेक. मला यात नुसती काळजी नाही, भीती वाटते.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, गाडीत असा बदल करता येत नाही की ती नोंदणीतल्या मूळ माहितीशी जुळणार नाही. ट्रेलरचीही स्वतंत्र नोंदणी लागते. वेल्डरने कितीही मजबूत करून दिला तरी कागद नसले की अपघातात विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवणार. ओव्हरलोड पकडला तर २० हजार, वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार.

आता लांबीचं. लांबी वाढली की जास्त माल नेता येतो असं सगळ्यांनाच वाटतं, होतं मात्र उलटं. तिकडे दोन ॲक्सलचे बरेच गूसनेक १४,००० पौंडाचे असतात, म्हणजे साधारण ६,३५० किलो, आणि यात ट्रेलरचं स्वतःचं वजन आलंच. तेच ॲक्सल ठेवून पाच फूट वाढवले की जेवढं लोखंड वाढलं तेवढा माल कमी झाला. भावोजींना सांगा, फूट मोजायच्या आधी ॲक्सलची पाटी वाचा. आणि तिकडे ‘२०+५’ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ २० फूट सपाट आणि मागचे ५ फूट उतरते, ट्रॅक्टर चढायला सोपं जावं म्हणून. त्या उतरत्या भागावर अवजार नीट बसत नाही, म्हणून नुसतं ‘२५ फुटी’ ऐकून व्यवहार करू नका, सपाट किती ते विचारा.

तरी किती लागतं? अंगणात ट्रॅक्टर रोटावेटर लावून उभा करा, चारही बाजूंनी चुन्याची रेघ मारा, पुढे कल्टिवेटर ठेवा, त्याचीही रेघ मारा. ट्रॅक्टर साडेअकरा फूट, रोटावेटरसकट १५ च्या आसपास, कल्टिवेटरचे साडेतीन, म्हणजे साडेअठरा. २० फूट सपाट पुरतं, पण काठोकाठ. काठोकाठ असलं की ट्रॅक्टर पुढे-मागे सरकवून वजन सांभाळायला जागा उरत नाही, आणि लांब ट्रेलर घ्यायचं मला पटणारं कारण हे एकच आहे. ट्रॅक्टरचं वजन मागच्या चाकांवर जास्त, साधारण ६० टक्के, त्यात मागे रोटावेटर, म्हणजे सरळ चढवला तर सगळा जड भाग ट्रेलरच्या शेपटीकडे आणि मानेवर भारच नाही, मग गूसनेकसुद्धा डुलतो. तीनचार फूट मोकळे असले की ट्रॅक्टर पुढे घेऊन ते सावरता येतं, नाहीतर रिव्हर्समध्ये चढवायचा. भावोजींकडे पुढे लोडर असलेला ट्रॅक्टर असेल, तर तो एकटाच चारपाच फूट जादा खातो, तेव्हा २५ सपाट घ्या म्हणावं आणि ॲक्सलही जड घ्या. लोडर नसेल तर २०+५ बस झाला.

तुमच्यासाठी मात्र २८ नाही, १८ पण नाही, गूसनेकच नको. आपल्या वाड्यांवरचे रस्ते आठवा, एका बाजूला चिऱ्याची गडगी, दुसऱ्या बाजूला व्हाळ. लांब ट्रेलर वळणावर आतली बाजू कापत जातो, पुढची गाडी सुटली तरी मागची चाकं गडग्यावर. आणि दिवाडीला फेरीबोटीशिवाय जाता येत नाही. फेरीच्या उतारावर लांब ट्रेलरचं पोट नाहीतर शेपटी टेकते, ओहोटीला उतार आणखी खडा होतो.

मी तुमच्या जागी असतो तर बंद पडलेल्या गाड्या उचलून नेणारा तो ट्रक बघितला असता, मागचा प्लॅटफॉर्म तिरका होऊन जमिनीला टेकतो तो, पासिंग तुमच्या तीन टनांना पुरेल असा. शेताच्या कडेला उतरवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. विकतच घ्यायला हवा असं नाही, एक हंगाम भाड्याने घेऊन बघा, चार गिऱ्हाईकं एकाच बाजूची जोडून घ्या, म्हणजे एका खेपेत दोनतीन दिवसांचं काम. ट्रक साधा १९-२० फुटी मिळाला तरी चालेल, पण त्याचा हौदा जमिनीपासून साडेतीन फूट उंच, तेव्हा घरी चिऱ्याचा एक धक्का बांधून घ्या. फळ्या टाकून ट्रॅक्टर चढवणं पावसात फार धोक्याचं, ओल्या फळीवर चिखलाचं चाक घसरलं की माणूस खाली आणि ट्रॅक्टर वर. आणि दहाबारा किलोमीटरच्या आतलं काम असेल तर चालवतच न्या, चढवा-उतरवायलाच तेवढा वेळ जातो.

प्रश्न : ट्रॅक्टर ट्रकवर नायलॉनच्या दोरीने बांधतो, हँडब्रेक लावतो. एवढं पुरतं ना?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : नाही. नायलॉन ताणतो, भिजला की आणखी सैल पडतो आणि लोखंडी कडेवर घासून तुटतो. माझ्या डोळ्यांसमोर एका वळणावर दोरी तुटून ट्रॅक्टर हातभर सरकलेला आहे, ड्रायव्हर उतरला तेव्हा त्याचे पाय लटपटत होते. चार कोपऱ्यांना चार साखळ्या आणि ताण द्यायला बाइंडर किंवा रॅचेट, पुढच्या दोन पुढे ओढणाऱ्या, मागच्या दोन मागे. अमेरिकेत नियम आहे की सगळ्या बांधणीची मिळून ताकद मालाच्या वजनाच्या निम्मी तरी हवी, मी तर म्हणतो पूर्ण वजनाइतकी ठेवा. साखळी ॲक्सलला नाहीतर चासीला लावा, स्टिअरिंगच्या रॉडला कधीच नाही. रोटावेटर उचललेला ठेवू नका, हायड्रॉलिकच्या भरवशावर तर अजिबात नको, खाली टेकवून त्यालाही वेगळी साखळी. गिअरमध्ये ठेवा, चाकांना लाकडी ठोकळे लावा. आणि निघाल्यावर दोनतीन किलोमीटरवर गाडी बाजूला घेऊन साखळ्या पुन्हा आवळा, पहिल्या दोन खड्ड्यांत टायर बसतात आणि घट्ट बांधलेलंही सैल होतं.